नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सच्या परिषदेला पेपर पाठवायचाय? आधी वॉर्डातलं रजिस्टर उघडा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. एम.एस्सी. नर्सिंग होऊन काही वर्षं झाली. नर्सिंग आणि हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या (आरोग्याची माहिती कशी नोंदली, साठवली आणि वापरली जाते याच्या शास्त्राच्या) एका आंतरराष्ट्रीय परिषदेची जाहिरात पाहिली आणि आपणही काही पाठवावं असं मनात आलं. जुने गाईड म्हणाले, प्रबंधच थोडा कापून पाठव. त्या विचारतात: 'तेच करू का? पेपर पाठवू की पोस्टर? परवानगी कुणाची लागते? माझं इंग्रजी बेताचं आहे, चालेल का? आणि आमच्याकडे सगळं दोनदा लिहावं लागतं, रजिस्टरात कन्नडमध्ये आणि कॉम्प्युटरवर इंग्रजीत. अशा ठिकाणचं काम कोण वाचणार?'

ताई, प्रबंध पाठवू नका.

मी बेळगावात नर्सिंग शिकवते आणि इन्फॉर्मेटिक्सच्या परिषदांना आलेले पेपर तपासण्याचं कामही करते. आपल्याकडचे एम.एस्सी.चे बरेचसे प्रबंध एकाच साच्यातून निघतात. अमुक विषयावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम, आधी प्रश्नावली, मग तासभर शिकवणं, सात दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली, आणि निष्कर्ष असा की गुण वाढले. शिकवल्यावर आठवड्याभरात गुण वाढणारच, त्यात वाचणाऱ्याला नवं काही मिळत नाही. विषय 'संगणकीय नोंदींबद्दल परिचारिकांचं ज्ञान' असा असला तरी तेच. इन्फॉर्मेटिक्सच्या रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्याला, वेगळं जाणून घ्यायचं असतं: माहिती कुठे तयार झाली, कुणी लिहिली, कुठे अडली, कुठे हरवली, आणि त्यामुळे पलंगावरच्या रुग्णाच्या बाबतीत काय बदललं.

आता तुमचंच शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सगळं दोनदा लिहावं लागतं, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमचा पेपर तिथेच आहे. मोठ्या शहरातल्या चकचकीत हॉस्पिटलमधली मंडळी 'आम्ही अमुक सॉफ्टवेअर आणलं आणि कर्मचारी समाधानी आहेत' असे पेपर ढिगाने पाठवतात. तीन भाषा, दोन राज्यं आणि एक रजिस्टर यांच्या मधोमध उभी असलेली नर्स काय करते, हे सांगणारे पेपर मात्र फारच कमी येतात.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण ते आपल्या सगळ्या सीमाभागाला लागू पडतं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. खानापूर, निपाणी किंवा हुक्केरीची सून चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागलला जाते, आणि तिकडे दिलेली आपली लेक बाळंतपणाला इकडे येते. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या तपासण्या एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात. इकडून जाणारीच्या पिशवीत गरोदरपणाच्या नोंदींचं कर्नाटकचं तायी कार्ड असतं आणि त्यावरचा छापील मजकूर कन्नड. तिकडून येणारीच्या हातात महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड असतं. गरोदर बायका आणि बाळांच्या नोंदींचं सरकारी आरसीएच पोर्टल देशभराचं आहे हे खरं, पण रात्री दोन वाजता कळा घेत आलेल्या बाईचा आरसीएच नंबर शोधून मागची हिमोग्लोबिनची नोंद काढायला लेबर रूममधल्या सिस्टरला उसंत कुठे असते? ती कार्ड बघते, वाचता येईल तेवढं केस पेपरवर उतरवते, बाकीचं बाईच्या आईला विचारते. 'रक्त कमी आहे म्हणत होते का हो?' असं विचारून मिळालेलं उत्तर केस पेपरवर जातं, आणि ते कार्डावरून आलं की तोंडी आलं याची नोंद कुठेच राहत नाही.

यातून नेमका प्रश्न असा निघतो: दुसऱ्या राज्याचं कार्ड घेऊन बाळंतपणाला आलेल्या बायकांपैकी किती जणींच्या केस पेपरवर आधीचं हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, एचआयव्ही आणि कावीळ बीची तपासणी, धनुर्वाताची इंजेक्शनं, या गोष्टी उतरलेल्या आहेत? आणि आपल्याच राज्याचं कार्ड असलेल्या बायकांशी तुलना केली तर काय दिसतं? सॉफ्टवेअर नाही, निधी नाही, टॅबलेट नाही, तरीही हा शंभर टक्के इन्फॉर्मेटिक्सचा प्रश्न आहे. माहिती एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना तिचं काय होतं, हा या शास्त्राचा गाभा आहे.

मोजायचं कसं? बाळंतपणाच्या रजिस्टरातून ठरावीक काळातल्या सगळ्या केसेस घ्या. 'सगळ्या' हा शब्द पाळा. सोयीच्या तेवढ्या केसेस निवडल्या की रिव्ह्यूअर पहिल्या फेरीतच कागद बाजूला ठेवतो. कुठली माहिती तपासायची याची यादी मोजणी सुरू करण्याआधी ठरवा आणि तारीख घालून ठेवा. प्रत्येक बाबीला तीनच उत्तरं: नोंद आहे, नाही, वाचता येत नाही. काही केस पेपर दोघींनी स्वतंत्रपणे तपासावेत, एकमेकींचं न बघता, आणि दोघींची उत्तरं किती जुळतात ते 'कप्पा' नावाचा आकडा काढून सांगावं. कॉलेजातल्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांना हे दहा मिनिटांचं काम आहे. निकाल देताना नुसते टक्के देऊ नका, किती पैकी किती ते लिहा आणि 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कितीपासून कितीपर्यंत असू शकतो तो पल्ला, द्या. केस पेपर सापडलाच नाही अशा किती, तेही लिहा. ती संख्या लपवावीशी वाटेल, पण रेकॉर्ड रूमची खरी हालत तीच सांगते आणि वाचणारा तिच्यावरच विश्वास ठेवतो.

आकडे मोजून झाले की लेबर रूममधल्या चार-सहा सिस्टरांशी बोला. अमुक रकाना रिकामा का राहिला? तिकडचं कार्ड हातात आलं की आधी काय बघता? इथे असं काही हाती लागतं जे आकड्यांत कधी दिसत नाही. कुणी कार्डावरची मराठी अक्षरं वाचायला आयाबाईंना बोलावते. कुणी वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी करून ठेवलेली असते. अधिकृत पद्धत कमी पडते तिथे कर्मचारी स्वतःची वाट काढतात, आणि अशा वाटा नोंदवलेले पेपर जगभर वाचले जातात, कारण हेलसिंकीतली नर्सही हेच करत असते.

दुसरा तसाच भरघोस विषय म्हणजे नावं. लक्ष्मी हे साधं नाव इंग्रजीत टाईप करताना एक ऑपरेटर 'एक्स' घालतो, दुसरा 'के-एस-एच'. ज्योतिबाचा जोतिबा होतो. सासरी नवऱ्याचं नाव आणि आडनाव, माहेरच्या दवाखान्यात वडिलांचं. कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी नावापुढे नुसतं आद्याक्षर असतं, मराठी घरांत पूर्ण तीन नावं. एकाच बाईच्या दोन-तीन फाईली तयार होतात आणि आधीच्या सिझेरियनची नोंद भलत्याच फाईलीत जाते. आभा नंबर, म्हणजे आरोग्याचा ओळख क्रमांक, यावर उपाय म्हणून आला; आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं आणि प्रत्येकाला 14 अंकी नंबर मिळू लागला. पण आधारवरून तो काढताना ओटीपी जातो आधारशी जोडलेल्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल असतो गोव्यात कामाला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात. केस पेपर काढायच्या खिडकीपाशी एक सकाळ उभं राहून, किती जणांचा नंबर निघाला, किती जणांचा नाही आणि कशामुळे नाही, एवढं शिस्तीने नोंदवलंत तरी चांगलं पोस्टर (परिषदेत फळीवर लावायचा कामाचा सारांश) होतं. अथणी, कागवाडचे रुग्ण मिरजेला जातात, खानापूरचे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, चंदगडचे बेळगावला. कागद कुठला घेऊन जातात आणि काय घेऊन परत येतात, या एका प्रश्नावर आपल्या भागातून किती तरी पेपर होऊ शकतात.

'अशा ठिकाणचं काम कोण वाचणार' हे तर मनातून काढूनच टाका. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम (उपकेंद्रातल्या) सिस्टरांनी केलेल्या बाळंतपणांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास झाला, 1620 बायकांवर, आणि तो 2006 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. ते प्रमाण विश्वासार्ह ठरलं, कारण रक्त अंदाजाने सांगितलेलं नव्हतं. मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवजा कापडात गोळा करून मोजलेलं होतं. ती मोजदाद प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या उपकेंद्रांत आणि घराघरांत झाली. त्यानंतर 2014 ते 2016 या काळात बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत क्लिप नावाचा अभ्यास झाला. त्यात आशा आणि एएनएम यांच्या हातात टॅबलेट होता, त्यावरच्या ॲपमध्ये गरोदर बाईचा रक्तदाब आणि लक्षणं भरली की धोका किती आणि पुढे काय करायचं ते समजत असे. मुख्य निकालात ही सेवा मिळालेल्या आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही तो प्रसिद्ध झाला, आणि भारत, पाकिस्तान, मोझांबिक मिळून केलेल्या एकत्रित विश्लेषणात असं दिसलं की जिथे घरभेटी पुरेशा झाल्या तिथे चित्र बरं होतं. नर्सिंग इन्फॉर्मेटिक्समध्ये याहून थेट काम कुठलं? ते आपल्या अंगणात झालंय. तुमच्या पेपरात याचा संदर्भ असायलाच हवा. 'हस्तक्षेपाने फरक पडला नाही' असा निकाल आला तर घाबरायचं कारण नाही, हेही त्यातून कळतं.

आता परवानगीचं. हे मी नेहमी कळकळीने सांगते: माहिती गोळा करण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी घ्या. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी कुठलीही शहाणी कमिटी देत नाही, आणि मंजुरीचा क्रमांक नसेल तर परिषद पेपर घेत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. जुन्या केस पेपरांचं नावं काढून केलेलं काम कमी धोक्याचं मानलं जातं, त्याला कमिटी जलद आढावा देऊ शकते, संमतीपत्रातून सूटही देऊ शकते. पण सूट द्यायची की नाही हे ठरवणार कमिटी, आपण नाही. तुमच्या रुग्णालयाला स्वतःची कमिटी नसेल तर बेळगावातल्या एखाद्या नर्सिंग किंवा मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडे जाता येतं; त्यासाठी तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना सहसंशोधक म्हणून घेणं सोयीचं पडतं. शिवाय रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा आरोग्याधिकारी यांचं लेखी पत्र हवं. चंदगडच्या केंद्रातली कागदपत्रंही पाहायची असतील तर तिकडच्या आरोग्य विभागाचं वेगळं पत्र. दोन राज्यांची परवानगी गोळा करण्यात महिने जातात, म्हणून पहिल्या वर्षी फक्त आपल्याच रुग्णालयातल्या केस पेपरांवर थांबा.

आणि रजिस्टराचे फोटो मोबाईलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सगळे करतात, मला माहीत आहे. पण त्यात बाईचं नाव, गाव, एचआयव्हीचा निकाल सगळं एका ओळीत असतं. फॉर्म कागदावर भरा, नावाऐवजी क्रमांक घाला, क्रमांक आणि नाव यांची जुळणी असलेली वही कपाटात कुलपात ठेवा.

पेपर की पोस्टर? या क्षेत्रातल्या मुख्य परिषदा कुठल्या ते आधी बघू. आंतरराष्ट्रीय मेडिकल इन्फॉर्मेटिक्स संघटना, जिला सगळे इमिया म्हणतात, तिच्या नर्सिंग गटाची परिषद 1982 साली लंडनमध्ये सुरू झाली. 2018 ची मेक्सिकोत ग्वादालाहाराला झाली, 2024 ची मँचेस्टरला. त्याच संघटनेची मोठी परिषद म्हणजे मेडइन्फो, 2023 मध्ये सिडनीला, 2025 मध्ये तैपेईला. यांचे स्वीकारलेले पेपर एका ठरलेल्या ग्रंथमालेत छापले जातात आणि पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत दिसतात, म्हणून त्यांना किंमत आहे. पूर्ण पेपर साधारण पाच पानांचा, पोस्टरचा मजकूर एक-दोन पानांचा. पण पानं, शब्द, साचा दर वेळी नव्या जाहिरातीत वाचायचा. देशात इंडियन असोसिएशन फॉर मेडिकल इन्फॉर्मेटिक्स आहे, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन आहे, तिथे बहुधा तीनशे शब्दांच्या आत ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) मागतात.

तुमचं काम पुरं होऊन आकडे हातात असतील तर पूर्ण पेपर पाठवा. निम्मं झालं असेल तर पोस्टर. 'निकाल परिषदेत सांगू' असं ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहून पूर्ण पेपरच्या रांगेत उभं राहू नका. त्या एका वाक्यावर पेपर परत जातो. पोस्टरला कमी लेखायचं कारण नाही. पोस्टरपुढे थांबणारा माणूस मुद्दाम तुमच्याशी बोलायला थांबलेला असतो, आणि पुढच्या कामाला जोडीदार तिथेच भेटतात.

ॲबस्ट्रॅक्ट कसा लिहायचा ते दाखवते. नेहमी येणारी सुरुवात अशी: 'आजच्या डिजिटल युगात आरोग्यसेवेत माहिती तंत्रज्ञानाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.' तिच्या जागी हे ठेवा: 'भारतातील दोन राज्यांच्या सीमेवर पहिल्या बाळंतपणासाठी स्त्रिया माहेरी जातात. त्यांचे गरोदरपणातील कार्ड एका राज्याच्या भाषेत असते, प्रसूती दुसऱ्या राज्यात होते. प्रसूतीच्या वेळी या कार्डातील किती माहिती प्रत्यक्ष केस पेपरवर पोहोचते, हे आम्ही तपासले.' तीन वाक्यं. मँचेस्टरमध्ये बसलेल्या माणसाला आता सगळं दिसायला लागलं. त्यानंतर कुठे, कधी, किती केसेस, काय मोजलं. मग मुख्य आकडा. ॲबस्ट्रॅक्टमध्ये आकडा नसेल तर त्या ॲबस्ट्रॅक्टचा उपयोग नाही असं मी माझ्या विद्यार्थिनींना सरळ सांगते. शेवटचं वाक्य 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं नको; कार्डावर कुठले पाच रकाने दोन्ही भाषांत आणि इंग्रजी अंकांत असावेत, अशी काही ठोस सूचना असू द्या.

पूर्ण पेपर लिहिताना स्टेअर-एचआय ही यादी समोर ठेवा. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या मूल्यमापनाचा अहवाल कसा लिहावा यासाठी 2009 मध्ये आलेली ही यादी आहे आणि ती वापरली की काही राहून जात नाही. वॉर्डात काही सुधारणा करून बघितली असेल तर स्क्वायर ही तशीच दुसरी यादी. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे हे मोजायचं असेल तर सिस्टिम युजेबिलिटी स्केल, दहा वाक्यांची प्रश्नावली, गुण शून्य ते शंभर. त्या गुणांना टक्के म्हणू नका आणि सरासरी साधारण 68 असते हे लक्षात ठेवा. 60 आले म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे. प्रश्नावली मराठीत किंवा कन्नडमध्ये केलीत तर एकीने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते परत इंग्रजीत आणावं, मग दोन्ही जुळवून बघावं, आणि हे केलं असं पेपरात लिहावं.

इंग्रजीबद्दल. साधं इंग्रजी चालतं, चांगलं चालतं. आधी मराठीत लिहा, किंवा जी भाषा डोक्यात येते तीत. काय केलं ते शेजारच्या सिस्टरला पाच मिनिटांत सांगून बघा. तिला कळलं की तेच छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरवा. अवघड शब्दांची भर घालू नका. आपल्याला रोजचे वाटणारे शब्द मात्र परक्याला समजावून द्या: तालुका रुग्णालयात किती खाटा असतात, आशा कोण, तायी कार्ड काय, नर्सिंग ऑफिसर आणि एएनएम यांत फरक काय. लाख लिहू नका, शंभर हजार लिहा. तारखेत महिना अक्षरांत लिहा, नाहीतर 03/04 म्हणजे अमेरिकेत चार मार्च होतो. भाषा सुधारायला एआयची मदत घेतलीत तर परिषदेचा नियम बघून तसं नमूद करा. एआयने सुचवलेले संदर्भ मात्र स्वतः पबमेडवर उघडून पाहिल्याशिवाय घालू नका, कारण अस्तित्वात नसलेले पेपर ते अगदी खरे वाटतील असे लिहून देतं. असा एक संदर्भ सापडला की रिव्ह्यूअरचा बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो.

बऱ्याच परिषदांत तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळू द्यायचं नसतं. तेव्हा नावं काढाच, पण मजकुरातून रुग्णालयाचं नाव, आभार, एथिक्स मंजुरीच्या पत्रावरचं कॉलेजचं नाव, स्क्रीनच्या फोटोतला लोगो आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहिलेलं तुमचं नाव हेही काढा. शेवटची गोष्ट हमखास राहते.

लेखकांच्या नावांचा विषय आपल्याकडे नाजूक असतो. ज्यांनी काम आखलं किंवा माहिती गोळा करून अर्थ लावला, लिहिण्यात भाग घेतला, शेवटचा मसुदा वाचून मान्य केला आणि जबाबदारी घेतली, ते लेखक. आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) हे निकष बहुतेक सगळीकडे चालतात. पद मोठं म्हणून नाव, हे त्यात बसत नाही. काम तुमचं असेल तर पहिलं नाव तुमचं, आणि हे सुरुवातीलाच, काम वाटून घेताना, लिहून ठेवा. नंतर बोलायला जड जातं. ज्या डाटा एंट्री ऑपरेटरने रजिस्टरं काढून दिली, ज्या आशांनी वेळ दिला, त्यांचे आभार अंतिम प्रतीत जरूर माना.

खोट्या परिषदांपासून जपा. 'आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो' अशी मेल आली, नर्सिंग, कॅन्सर, दंतवैद्यक आणि अन्नतंत्रज्ञान सगळं एकाच परिषदेत, दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच फी भरा, असं असलं की ते दुकान समजायचं. खऱ्या परिषदेमागे नावाजलेली संघटना असते, तपासणाऱ्यांच्या समितीत शोधता येतील अशी माणसं असतात, मागच्या वर्षीचे पेपर उघडून वाचता येतात. शंका आली तर थिंक चेक अटेंड नावाची तपासयादी आहे, तिच्यावरून पडताळा. फी जास्त वाटली तर आयोजकांना लिहा. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो आणि या गटातल्या देशांना अनेक परिषदा सवलत देतात. मागितल्याशिवाय ती कुणी घरी आणून देत नाही.

शेवटच्या तारखेपुढे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' (पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत) असं लिहिलेलं असेल तर आपल्याकडे ती मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला एक मिनिट कमी असताना संपते. हे माहीत असावं, पण त्यावर विसंबू नये. आपल्या भागात पावसाळ्यात वीज आणि नेट यांचा भरवसा नाही. दोन दिवस आधी अपलोड करा. मुदत संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी फाईल बदलता येते.

निकाल आला आणि 'पूर्ण पेपर नको, पोस्टर म्हणून घेतो' असं उत्तर आलं तर मोकळ्या मनाने घ्या आणि पाठवलेले शेरे जपून ठेवा, पुढच्या लेखाला ते सोन्यासारखे उपयोगी पडतात. नकार आला तर शेरे वाचून दोन दिवस बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा. 'सीमाभागाचा संदर्भ कळला नाही' असा शेरा असेल तर चूक त्याची धरू नका, तीन वाक्यं आणखी घालून दुसरीकडे पाठवा.

पोस्टर करताना आकार जाहिरातीतूनच घ्या. बहुधा ए-झिरो असतो, 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर, पण उभा की आडवा ते बघा; आडवा छापून नेलेला पोस्टर उभ्या फळीवर बसत नाही. फ्लेक्सवाल्याला कापडावर छापायला सांगा, म्हणजे घडी करून बॅगेत जातो. परदेशी जायचं झालं तर सरकारी नोकरीत विभागाचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते टेबलाटेबलावरून फिरत येतं. म्हणून स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच दिवशी त्याची प्रत जोडून अर्ज टाका. पासपोर्ट नसेल तर त्याला मात्र स्वीकृतीची वाट बघू नका, एथिक्स कमिटीकडे कागद देता त्याच आठवड्यात अर्ज करा.